कृष्णवर्णीय स्त्रियांवर विकिपीडियात टिकेल असा लेख कसा लिहायचा

विकिपीडियावर कृष्णवर्णीय स्त्रियांबद्दल फार कमी लिहिलंय हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय, आणि महिला दिन जवळ आला की लोक उत्साहाने लिहायला बसतातही. पण त्यांना मिळणारा सल्ला बहुतेक वेळा निकामी असतो. इंग्रजी लेख घ्या, भाषांतराच्या मशीनमधून काढा, चिकटवा, झालं. असे लेख एक तर उडतात, नाहीतर उरतात आणि कुणाला वाचवत नाहीत. ज्या बाईचं नाव आधीच शंभर वर्षं दाबलं गेलंय तिच्यावरचा लेख असा अर्धवट टाकू नका, वेळ नसेल तर थांबा, पण नीट करा.

अकाउंट उघडणं, एडिट कसं करायचं, संदर्भाचं बटण कुठे आहे हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालतो. येत नसेल तर आधी आठ-दहा जुन्या लेखांत शुद्धलेखन नीट करा, संदर्भ घाला, हात बसेल. इंग्रजी विकिपीडियावर तर अकाउंटला चार दिवस आणि दहा एडिट झाल्याशिवाय नवीन लेख थेट टाकताच येत नाही.

१. नाव निवडा

याला फार वेळ घालवू नका. विमेन इन रेड नावाचा स्वयंसेवकांचा गट २०१५ पासून ज्या स्त्रियांवर लेख नाहीत त्यांच्या याद्या ठेवतोय (तेव्हा इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांपैकी साधारण १५ टक्केच स्त्रियांची होती, आता २० च्या आसपास आहेत). न्यूयॉर्कमध्ये ॲलिस बॅकर यांनी त्याच वर्षी सुरू केलेलं ॲफ्रोक्राउड आणि कृष्णवर्णीय कलाकारांवर काम करणारं ब्लॅक लंच टेबल हेही बघा. मराठीत लिहिणार असाल तर इंग्रजीत चांगला लेख आहे पण मराठीत नाही किंवा दोनच ओळी आहेत असं नाव घ्या. सगळ्यात प्रसिद्ध नाव घ्यायचा मोह टाळा, रोझा पार्क्स यांच्यावर लिहायला माणसं मिळतात. क्लॉडेट कोल्विन यांच्यावर मिळत नाहीत, आणि त्यांनी वयाच्या पंधराव्या वर्षी, २ मार्च १९५५ ला, म्हणजे पार्क्स यांच्या नऊ महिने आधी अमेरिकेतल्या त्याच माँटगोमेरी शहरात गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला होता.

२. संदर्भ, एक ओळही लिहायच्या आधी

खरं काम इथेच आहे. मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागायचा, आणि नव्या लोकांचे बहुतेक लेख इथेच मरतात.

विकिपीडियाला ती बाई किती थोर होती याच्याशी घेणंदेणं नसतं. तिच्याबद्दल तिच्याशी संबंध नसलेल्या विश्वासार्ह लोकांनी सविस्तर लिहून छापलंय का, एवढंच बघितलं जातं, याला तिथे उल्लेखनीयता म्हणतात. माझा स्वतःचा नियम असा की असे तीन संदर्भ हातात आल्याशिवाय धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या कच्च्या लिखाणाच्या पानावर) पहिलं वाक्यसुद्धा टाकायचं नाही. तिची स्वतःची वेबसाइट, तिच्या नोकरीच्या ठिकाणचं परिचयपत्र, पुरस्कार देणाऱ्या संस्थेची प्रेस नोट, पन्नास नावांच्या यादीतलं एक नाव, यातलं काहीही या तिनात धरू नका. माहिती म्हणून वापरा हवं तर, पण लेख यांच्या जोरावर उभा राहत नाही.

हे किती कडक असतं ते क्लॅरिस फेल्प्स यांच्या लेखावरून बघा. त्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीतल्या अणुरसायनशास्त्रज्ञ. ११७ क्रमांकाचं मूलद्रव्य, टेनेसीन, बनवायला २२ मिलिग्रॅम बर्केलियम लागलं, ते शुद्ध करून रशियातल्या डुबना इथे पाठवलं गेलं आणि त्या शुद्धीकरणाच्या टीममध्ये त्या होत्या. इंग्रजी विकिपीडियावरचा त्यांचा लेख २०१९ मध्ये काढून टाकला गेला, वादाचा मुद्दा हाच की स्वतंत्र लिखाण पुरेसं नाही. मग बाहेर त्यावर बरीच चर्चा झाली, त्यांच्याबद्दल आणखी छापून आलं आणि २०२० मध्ये लेख परत आला. मला स्वतःला तो काढणं पटलं नव्हतं, आजही पटत नाही, पण तुम्ही लेख लिहिताना हे गृहीत धरूनच बसा की तुमच्याही लेखाकडे कुणीतरी याच नजरेने बघणार आहे.

आता संदर्भ सापडत नाहीत म्हणजे ते नाहीतच असं समजू नका, इथेच सगळे घाईने हार मानतात. गुगलच्या पहिल्या पानावर १९३० सालची कृष्णवर्णीय शिक्षिका किंवा डॉक्टर सापडणार नाही, कारण त्या काळच्या गोऱ्या वर्तमानपत्रांनी तिच्याबद्दल लिहिलंच नाही. लिहिलं ते कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या वर्तमानपत्रांनी. शिकागो डिफेंडर, पिट्सबर्ग कुरियर, बाल्टिमोरचं ॲफ्रो-अमेरिकन, न्यूयॉर्कचं ॲमस्टरडॅम न्यूज, ही छोटी-मोठी पत्रकं नव्हेत, देशभर वाचली जाणारी पत्रं त्यात होती, आणि विकिपीडियावर ती विश्वासार्ह संदर्भ म्हणून चालतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं क्रॉनिकलिंग अमेरिका हे जुन्या वर्तमानपत्रांचं भांडार घरबसल्या फुकट बघता येतं, तिथून सुरुवात करा. तुमचे ५०० एडिट आणि सहा महिने झाले असतील आणि अलीकडे थोडंफार काम चालू असेल तर विकिपीडिया लायब्ररी आपोआप उघडते, आणि मग पैसे भरून मिळणारी मोठी भांडारं, जेस्टोर वगैरे, फुकट वापरता येतात. हे कित्येक जुन्या संपादकांनाही माहीत नसतं.

शोधताना आजचं नाव टाकून थांबू नका. लग्नाआधीचं आडनाव, लग्नानंतरचं, दुसऱ्या लग्नानंतरचं, सगळी टाका. आणि नवऱ्याच्या नावापुढे मिसेस लावून शोधा, कारण त्या काळी बातमीत बाईचं स्वतःचं नाव येतच नसे कित्येकदा. अमेरिकेच्या दक्षिणेतली गोरी वर्तमानपत्रं तर उलटं करायची, कृष्णवर्णीय बाईला मिसेस लावायचंच नाही, नुसतं पहिलं नाव आणि पुढे 'कलर्ड' किंवा 'नीग्रो'. आज हे शब्द आपण वापरणार नाही, पण शोधाच्या चौकटीत ते टाकावे लागतात, नाहीतर ती पानं समोर येतच नाहीत. पत्रकार आयडा बी. वेल्स लग्नानंतर वेल्स-बार्नेट झाल्या, एकाच नावाने शोधलंत तर अर्धं आयुष्य हातातून जातं.

वर्तमानपत्रांनंतर चरित्रकोश. डार्लीन क्लार्क हाइन यांनी संपादित केलेला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा ऐतिहासिक कोश १९९३ चा आहे, जेसी कार्नी स्मिथ यांचा १९९२ चा. इंटरनेट आर्काइव्हवर असली पुस्तकं तासाभरासाठी उसनी मिळतात का ते बघा. अशा कोशात तिच्यावर दोन पानं असतील तर उल्लेखनीयतेचा वाद जवळजवळ संपतो, म्हणून मी आधी कोश बघतो आणि मग बाकीचं.

मुलाखतींच्या बाबतीत सावध राहा. अमेरिकेतल्या रॅडक्लिफ कॉलेजच्या श्लेसिंगर लायब्ररीने १९७६ ते १९८१ या काळात ७२ कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मौखिक इतिहासाच्या मुलाखती घेतल्या, त्या वाचताना उठवत नाही इतक्या जिवंत आहेत. पण बाई स्वतःबद्दल सांगते ते विकिपीडियाच्या लेखी प्राथमिक साधन. जन्मगाव, शाळा, आईवडील, तिचं स्वतःचं मत, इथपर्यंत वापरा, 'त्यांनी मुलाखतीत सांगितलं' असं लिहून. तिने काय साध्य केलं, ती पहिली होती का, हे मात्र दुसऱ्या कुणीतरी अभ्यास करून छापलेलं हवं. आपल्याकडे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं, तेव्हा त्या आठवणी अभ्यासाच्या पुस्तकात आल्या आणि त्यांचा आधार घेता येऊ लागला. तुम्ही शोधताय ते असं काहीतरी, नुसती टेप नव्हे.

आणि संदर्भ एकमेकांशी भांडत असतील तर? रसायनशास्त्रज्ञ ॲलिस बॉल यांचं घ्या. जन्म सिएटल, १८९२. १९१५ मध्ये हवाईच्या कॉलेजातून मास्टर्स, तिथून ही पदवी मिळवणारी पहिली स्त्री आणि पहिली आफ्रिकन-अमेरिकन व्यक्ती. कुष्ठरोगावर चौलमुग्राचं तेल जुन्या काळापासून वापरात होतं, आपल्या सह्याद्रीतल्या कडू कवठाच्याच कुळातल्या झाडाचं. पण ते घट्ट, इंजेक्शनने दिलं तर शरीरात शोषलं जात नसे. बॉल यांनी त्यातल्या मेदाम्लांपासून शोषलं जाईल असं इंजेक्शन तयार करायची रीत काढली आणि १९१६ च्या शेवटच्या दिवशी, वयाच्या चोविसाव्या वर्षी त्या गेल्या. कॉलेजचे अध्यक्ष आर्थर डीन यांनी काम पुढे नेऊन त्यांचं नाव न घेता छापलं. १९२२ मध्ये डॉ. हॅरी हॉलमन यांनी लेखात ती पद्धत बॉल यांच्या नावाने लिहिली म्हणून धागा शिल्लक राहिला.

म्हणजे १९२० च्या सुमाराचे संदर्भ उघडलेत तर 'डीन यांची पद्धत' सापडेल, पुढच्या अभ्यासकांचं वाचलंत तर बॉल यांची. इथे नवे लोक स्वतःच वकील होतात आणि डीननी चोरी केली असं लेखात लिहून टाकतात. राग येणं साहजिक आहे, मलाही येतो. पण लिहायचं काय, तर डीन यांनी छापलेल्या कामात बॉल यांचा उल्लेख नाही, हॉलमन यांनी अमुक साली अमुक म्हटलं, पुढच्या अभ्यासकांनी श्रेय बॉल यांना दिलं, प्रत्येक वाक्याला संदर्भ. वाचणाऱ्याला कळतं. मृत्यूच्या कारणाचंही तसंच, वर्गात क्लोरीनमुळे विषबाधा झाली असं त्या वेळच्या वर्तमानपत्रात आहे आणि मृत्यूच्या दाखल्यावर क्षयरोग. दोन्ही द्या, निकाल देऊ नका. तुम्ही स्वतः कागद जुळवून काढलेला निष्कर्ष कितीही बरोबर असला तरी विकिपीडियावर तो चालत नाही, तो आधी दुसरीकडे छापून यायला लागतो.

'पहिली' हा शब्द तर पुन्हा पुन्हा तपासा. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री म्हणून अनेक ठिकाणी रिबेका कोल यांचं नाव दिलं जायचं, त्यांची पदवी १८६७ ची. रिबेका ली क्रंपलर यांची १८६४ ची.

३. लिहा

संदर्भ असतील तर हे एका संध्याकाळचं काम. पहिल्या वाक्यात तिने काय केलं ते, ती कुणाची बायको हे नंतर. महान, थोर, असामान्य हे शब्द काढा. मराठीत एक खास गोष्ट सांभाळा, पुरुष शास्त्रज्ञाला 'ते' आणि बाईला 'ती' असं करू नका, पूर्ण लेखात 'त्या' आणि 'त्यांनी' ठेवा. इंग्रजीवरून भाषांतर करत असाल तर बदलांच्या सारांशात तसं नोंदवा (भाषांतराचं अधिकृत साधन वापरलंत तर ते आपोआप होतं), आणि जो संदर्भ तुम्ही स्वतः उघडून वाचला नाही तो उचलू नका. बाई हयात असेल तर घर, मुलं, अचूक जन्मतारीख यातलं मोठ्या वर्तमानपत्रांत उघडपणे छापलेलं नसेल ते गाळा.

४. फोटो

गुगलवरून उचलायचा नाही. अमेरिकेत छापून ९५ वर्षं उलटलेलं चित्र मुक्त असतं, नासासारख्या सरकारी खात्याने काढलेले फोटोही, त्यामुळे कॅथरीन जॉन्सन किंवा मे जेमिसन यांचे फोटो कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रांच्या भांडारात) सहज मिळतात. पण फोटो त्याच बाईचा आहे का ते बघा. क्रंपलर यांचा खात्रीचा एकही फोटो उपलब्ध नाही, आणि नेटवर त्यांच्या नावाने फिरतो तो बहुतेक वेळा मेरी एलायझा महोनी या परिचारिकेचा असतो. एका कृष्णवर्णीय बाईच्या जागी दुसरी चालून जाते असं मानणाऱ्यांत आपण भर घालायची नाही. खात्रीचा फोटो नसेल तर लेख फोटोशिवाय ठेवा.

५. प्रकाशित करा आणि पाठ फिरवू नका

धूळपाटीवरून हलवा, वर्ग लावा, नावाच्या वेगवेगळ्या स्पेलिंगची पुनर्निर्देशनं करा ('इडा' आणि 'आयडा' दोन्ही), विकिडेटावर (सगळ्या भाषांतले लेख एकत्र जोडणाऱ्या माहितीसाठ्यावर) जोडा. मग दुसऱ्या लेखांतून दुवे द्या, कारण ज्याच्याकडे कुठूनच वाट येत नाही तो लेख कुणी उघडत नाही. बॉल यांच्यावर लिहिलंत तर कुष्ठरोगाच्या लेखात उपचारांच्या इतिहासात संदर्भासकट एक वाक्य घाला, बहुतेक वाचक तिथूनच येतील.

कुणी लेखावर तो काढायचा साचा (तशी सूचना देणारी चौकट) लावला तर चर्चा पानावर भांडायला जाऊ नका, समोरचा पक्षपाती आहे हे खरं असलं तरी तिथे लिहून उपयोग होत नाही. तीन संदर्भांची नावं, तारखा, पान क्रमांक आणि प्रत्येकात तिच्याबद्दल किती मजकूर आहे ते क्रमाने मांडा, आणि प्रचालक किंवा चावडीवरचे (सगळ्या संपादकांच्या चर्चेच्या पानावरचे) जुने संपादक यांना बघायला सांगा. लेख निरीक्षणसूचीत टाकून पहिला महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी उघडा, कारण 'पहिली' आणि 'कृष्णवर्णीय' हेच शब्द कुणीतरी गुपचूप काढून टाकतं, सारांशात काही न लिहिता.