गावच्या तलावाचा बांध कसा तपासावा: एक वही, एक बाटली आणि डोळे उघडे

मातीचा बांध पाझरतोच. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगड, आजरा, शाहूवाडीकडं लघु पाटबंधारे तलावाखालचा ओढा भर उन्हाळ्यात ओला दिसतो, तो बऱ्याचदा या पाझरावरच. म्हणून पायथ्याला पाणी दिसलं की लगेच आरोळी ठोकायचं कारण नाही. आणि ‘ते होय, पहिल्यापासनं गळतंय’ म्हणून पाठ फिरवायचंही नाही. बघायचं एकच: गेल्या खेपेपेक्षा काय बदललं? गेल्या खेपेचं कुठं लिहूनच ठेवलं नसेल, तर याचं उत्तर गावात कुणालाच देता येत नाही.

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री भुदरगड तालुक्यातला मेघोलीचा तलाव फुटला. ओढ्याकाठची शेतं खरवडून गेली, जनावरं वाहून गेली, एका महिलेचा जीव गेला. त्याआधी २ जुलै २०१९ ला, तीही रात्रच, चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटून वीसच्या आसपास माणसं गेली. दोन्हीकडं गळतीची ओरड आधीपासून होती. तिवऱ्याचा दोष खेकड्यांवर टाकला गेला आणि महाराष्ट्रभर त्याची थट्टा झाली. खेकडे बांधात बिळं करतात हे खोटं नाही. पण बीळ बुजवायचं काम खेकड्याचं नव्हे.

धरण सुरक्षितता कायदा २०२१ चा. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, आणि १० ते १५ मीटरमधल्या काही ठरावीक धरणांना. त्यात पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर आणि पूर किंवा भूकंप झाल्यावर तपासणी सांगितली आहे. आपल्याकडचे कितीतरी पाझर तलाव दहा मीटरही उंच नाहीत, म्हणजे कायद्याच्या बाहेर. तेव्हा तेच वेळापत्रक गावानं आपणहून पाळावं.

तयारी

दोघं जण हवेत, एकटं जाऊ नये. एक वही, मीटर टेप, दहा लिटरची बादली, काचेची स्वच्छ बाटली, खुंट्या, चुना, फोटो काढायला मोबाईल. सोबत खुरपं असू द्या, पण बांध उकरायला नव्हे, झुडूप बाजूला सारायला.

आधी तलाव कोणत्या खात्याचा ते विचारून घ्या: जिल्हा परिषद, मृद व जलसंधारण की जलसंपदा. तक्रार चुकीच्या दारात गेली की पावसाळा टेबलाटेबलावर सरतो. विमोचकाच्या, म्हणजे तलावातलं पाणी सोडायच्या नळाच्या, गेटला किंवा व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, ते काम खात्याच्या माणसाचं.

मग बांधाच्या माथ्यावर पाण्याकडं पाठ करून उभं राहा. डाव्या हाताला डावा तीर. तिथून दर दहा मीटरवर दगडाला रंगानं नंबर टाका. ‘आंब्याच्या जरा पलीकडं ओल आहे’ असं लिहिलं तर पुढच्या वर्षी आंबाच नसतो. ‘डाव्या तीरापासून ७० मीटर, पायथ्यापासून २ मीटर वर’ असं लिहा.

कधी जायचं

मृग निघायच्या आधी एकदा, हस्त संपल्यावर एकदा. तलाव भरत असताना आठवड्याला. सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) वाहू लागला की रोज, आणि तरणा-म्हातारा (पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांचा) पाऊस गगनबावड्याकडून धरून बसला की सकाळ-संध्याकाळ. कोयनेकडचा धक्का जाणवला तर त्याच दिवशी. उन्हाळ्याची फेरी लोक टाळतात, पण पाण्याखालचा उतार उघडा पडतो तो तेव्हाच.

माथा आणि उतार

माथ्यावर भेगा बघा. बांधाच्या लांबीनं गेलेली भेग म्हणजे बहुधा एक बाजू खचतेय. बांधाला आडवी गेलेली भेग जास्त वाईट, कारण तलावाचं पाणी तिच्यातून थेट पलीकडं जाऊ शकतं. काळ्या मातीला उन्हात तडे पडतातच, ते वरवरचे असतात. ओळखायचं असं: भेगेच्या दोन्ही टोकांना चुन्याची खूण, दोन्ही अंगांना एकेक खुंटी, आणि खुंट्यांमधलं अंतर वहीत. पहिल्या पावसानंतर मिटली तर ठीक. खूण ओलांडून पुढं गेली किंवा अंतर वाढलं तर कळवा.

माथा एखाद्या जागी बसलाय का, हे नुसत्या नजरेला कळत नाही. गवंडी वापरतो ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि नंबर टाकलेल्या दगडांजवळच्या माथ्याची पातळी एकमेकींशी ताडून बघा. मातीच्या धरणावरून पाणी जाता कामा नये. गेलंच तर सगळ्यात आधी या बसक्या जागेवरून जाईल आणि तिथूनच बांध कापत सुटेल.

पाण्याकडच्या बाजूला पिचिंगचे, म्हणजे लाटांपासून माती राखायला रचलेले, दगड ढासळलेत का, निसटलेत का एवढं बघितलं तरी पुरे. कोरड्या बाजूला मात्र वेळ द्या. उताराला पोट सुटलंय का? उंदीर, खेकडे, साळिंदर यांची बिळं? हरळी असू द्या, ती माती धरून ठेवते. बाभूळ, सुबाभूळ हाताएवढी असतानाच उपटावी. झाड मोठं झालं असेल तर परस्पर तोडू नका. मुळं आत कुजली की त्यांच्या जागी पोकळ वाट राहते, म्हणून आधी अभियंत्याला विचारा.

आपल्या भागातली एक खास अडचण म्हणजे ऊस. बांधाच्या अगदी पायथ्यापर्यंत ऊस असेल तर ओल पाटाच्या पाण्याची की धरणाची, हे कोण सांगणार? पायथ्यालगतची चार-पाच मीटरची पट्टी मोकळी ठेवून घ्या. शेतकऱ्याला पटवणं अवघड आहे, मला ठाऊक आहे, पण त्या पट्टीशिवाय बाकीची तपासणी अर्धी आंधळी.

दुसरी अडचण पाईपची. मोटरीची पाईप बांध खोदून आरपार नेणारे सगळीकडं भेटतात. चर नीट ठोकून भरली नाही तर पाणी पाईपच्या अंगाअंगानं वाट काढतं. विमोचकाच्या नळाच्या तोंडाशीही हेच बघायचं: पाणी नळातून येतंय की नळाच्या बाहेरून?

पाझर मोजणं

सगळ्यात महत्त्वाचं हेच. पायथ्याच्या चरीतलं पाणी एका जागी आणा, बादली लावा, मोबाईलवर वेळ बघा. दहा लिटरला वीस सेकंद लागले तर मिनिटाला तीस लिटर. पाणी जास्त असेल तर खात्याकडून चरीत त्रिकोणी खाचेची पत्र्याची पाटी बसवून घ्या. ९० अंशांच्या खाचेत पाणी ५ सेंटिमीटर चढलं की सेकंदाला सुमारे पाऊण लिटर. १० सेंटिमीटरला ४.४ लिटरच्या आसपास. उंची दुप्पट झाली तर पाणी साडेपाच पट होतं, म्हणून बोटभर वाढीलाही हसण्यावारी नेऊ नका.

आकड्यासमोर त्या दिवशीची तलावाची पातळी आणि गेल्या दोन दिवसांचा पाऊस लिहायचाच. पातळी वाढली की पाझर वाढणार, त्यात नवल नाही. पातळी तीच आणि पाझर वाढला, तर काहीतरी घडतंय. पाझर अचानक आटला तरी खूश होऊ नका. पाणी दुसरीकडून वाट काढत असेल.

मग बाटली. पाझराचं पाणी भरून रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी गाळ बसला असेल तर बांधाच्या आतली माती वाहून चाललीय. बाटलीचा फोटो तारखेसह ठेवा. गढूळ पाझर थोडा असला तरी स्वच्छ पाण्याच्या मोठ्या पाझरापेक्षा तो धोक्याचा.

सांडवा

सांडव्यात झुडपं, दगड, मासे धरायचे अडसर काही ठेवू नका. पाऊस ओसरताना थोडं जास्त पाणी साठावं म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचायची खोड काही गावांना आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळ्यानंतर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात, तसंच हे, असं त्यांना वाटतं. बंधारा दगडी असतो, पाणी वरून गेलं तरी टिकतो. मातीच्या बांधाला सांडव्याचाच तेवढा मोकळा श्वास ठेवलेला असतो. सांडव्याखालच्या ओढ्यात ऊस लावून पात्र अर्ध्यावर आणलं असेल तर तेही लिहा, मोजमापासकट.

कळवायचं कसं

‘धरण गळतंय, लक्ष द्यावे’ अशा अर्जाला ‘पाहणी केली, किरकोळ पाझर’ एवढंच उत्तर येतं. आकडे, तारखा, पातळी, नंबर टाकलेली जागा आणि फोटो जोडा, ग्रामसभेत वाचून ठराव घ्या, पोच घ्या. असा कागद सहजासहजी बाजूला पडत नाही.

थांबायची वेळ नसते तेव्हा

पाझर गढूळ होऊन तासातासाला वाढतोय, तलावात पाण्याला भोवरा पडलाय, उताराचा कडा घसरलाय, पाणी माथ्याला टेकत आलंय: यातलं एकही दिसलं तर वही बाजूला. ११२ किंवा जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ लावा, खात्याला कळवा, आणि ओढ्याकाठच्या वस्तीला उठवा.

कोरड्या बाजूनं गळती माती लोटून किंवा प्लास्टिक टाकून बुजवू नका. आत कोंडलेलं पाणी दुसरीकडून फोडतं. पायथ्याला वाळू उसळत असेल आणि अभियंता पोचला असेल, तर त्याच्या सांगण्यानं आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी असा थर देतात. पाणी निघून जातं, माती अडते. अभियंता नसेल तर बांधाखाली कुणी उभंच राहू नये.

ओढ्याच्या कडेनं खाली पळू नका, आडवं उंचवट्याकडं चढा. गोठ्यातली दावी सोडून द्या. जनावरं आपली आपण वर चढतात, त्यांना ओढत बसू नका.