मिशनमध्ये इंटर्नशिपला जाताय? साक्ष लिहायची घाई करू नका

संडे स्कूल, तरुण संघ, उन्हाळी शिबिरं सगळं करून झालेली मुलंमुली मला विचारतात, मिशन संस्थेत वर्षभर काम केलं तर खरंच आत्मिक वाढ होते का? होते. पण मधले काही महिने असे जातात की घरी होतो तेव्हाच आपण बरे विश्वासी होतो असं वाटायला लागतं. तसं वाटलं म्हणून लगेच बॅग भरू नका. बहुतेकांचं तसंच होतं, फक्त कोणी बोलत नाही.

मी नगर जिल्ह्यात गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत होते. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडं टोचून लिहायचंय. सकाळी स्टाफची प्रार्थना, मग जीपने गावं, बीपी-शुगर तपासणी, ड्रेसिंग, आणि रजिस्टर. रजिस्टर फार. सेवेचं पाचारण झालंय म्हणून आलेल्या माणसाला दिवसभर रकाने भरायला लावले की पहिला धक्का तिथेच बसतो. तो पचतो.

न पचणारी गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल कोणीच आधी सांगत नाही: दर महिन्याचं प्रार्थनापत्र. आपला खर्च उचलणाऱ्या मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चला, आणि हितचिंतकांना ते पाठवायचं असतं, आणि त्यात एक तरी साक्ष, म्हणजे देवाच्या कामाचा स्वतःचा अनुभव, लागतेच. प्रभूने या महिन्यात काय केलं, तुम्ही काय शिकलात, शक्यतो फोटोसह. मागणी गैर नाही. पैसे देणाऱ्याला कळायला हवंच. पण हळूहळू होतं असं, की डोळे गोष्टी हुडकायला लागतात. एका आजीच्या पायाला मधुमेहाची जखम होती. मी पट्टी बांधत होते, ती मुलाबद्दल सांगत होती, आणि माझ्या डोक्यात पत्रातलं वाक्य तयार होत होतं, शेवटच्या वचनासकट. तेवढ्यात आजी म्हणाली, "पोरी, पट्टी ढिली बांधलीस."

आणि हे इतरांच्या गोष्टींपुरतं थांबत नाही. सकाळी पवित्र शास्त्र उघडलं की पहिला विचार येतो, हे पत्रात चालेल का? स्टाफच्या प्रार्थनेत बोलायची पाळी असली की वाचन म्हणजे मुद्दे काढणं. प्रार्थनासुद्धा कोणीतरी ऐकतंय अशा थाटात होते. कोरडा महिना लिहिता येत नाही, म्हणून त्याला 'परीक्षेचा काळ' म्हणायचं आणि शेवटी विजय जोडायचा. दोन-तीन पत्रं अशी गेली की तो विजय आपल्यालाही खरा वाटू लागतो. मग खरी अडचण कोणाला सांगायची? पत्रात तर ती कधीच सुटलेली असते.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, सत्तर शिष्य आनंदाने परत येतात आणि प्रभूला अहवाल देतात, भुतंसुद्धा आम्हांला वश होतात म्हणून. प्रभू म्हणतो, त्याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. इंटर्नशिपच्या ओरिएंटेशनमध्ये या भागाची पहिली वचनं जोरात वाचतात, पिकाचा हंगाम मोठा आणि कामकरी थोडे. विसाव्या वचनापर्यंत कोणी पोचत नाही.

यातून मार्ग निघतो. पत्रात झालेलं काम लिहा, किती गावं, काय अडलं, कशासाठी प्रार्थना हवी. माणसांच्या गोष्टी त्यांना विचारल्याशिवाय नाहीत, रुग्णांचे फोटो तर नाहीतच. स्वतःबद्दलचं एका वहीत, जी कोणालाही दाखवायची नाही. आणि लिहिण्यासारखं काही नसेल तर 'या महिन्यात काही नाही' असं लिहायचं. मंडळी चिडत नाही. उलट एका काकूंनी फोन करून पहिल्यांदाच नीट चौकशी केली.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जाऊन या. तिथलं 1905 चं आत्मिक जागरण सगळ्यांना पाठ असतं. पण रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून वर्षानुवर्षं बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, मुक्तीतल्याच बायका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवत होत्या, 1922 मध्ये रमाबाई गेल्या आणि अख्खं बायबल 1924 मध्ये छापून निघालं, हे फार थोडे सांगतात. खिळे जुळवण्याची साक्ष कशी देणार?

मेंटॉरबद्दल माझं मत ठाम आहे: स्टेजवरचा माणूस नको. जुनी नर्स, ड्रायव्हर, गावातली आरोग्य कार्यकर्ती यांच्यापैकी कोणीतरी धरा. जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं, तेव्हा गावातल्या जेमतेम शिकलेल्या बायकांनाच आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. अशा बाईबरोबर चार घरं फिरा. उपासांची चढाओढ आणि यूट्यूबवरची प्रवचनं त्यापुढे काहीच नाहीत.

पैशाचं आधी लेखी घ्या: स्टायपेंड, सुट्टी, आजारपणाचा खर्च. 2020 मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला, परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, तेव्हा अशा निधीवर चालणाऱ्या संस्थांची ओढाताण समजून घ्या. पण 'प्रभू पुरवेल' ही तुमची प्रार्थना असू द्या, स्टायपेंड कधी मिळेल या प्रश्नाचं ऑफिसचं उत्तर नव्हे. आणि औषध किंवा मदत देताना प्रार्थनेला बसण्याची अट कुठे दिसली, तर त्याच दिवशी निघा. इथे मला चर्चा करायची नाही.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी पाळकसाहेब साक्षीला उभं करतील. मी म्हटलं, आत्ता नको, त्यापेक्षा संडे स्कूलचा एखादा वर्ग द्या. त्यांना ते फारसं रुचलं नाही, पण लहान मुलांचा वर्ग मिळाला.