विकासदराची बातमी कशी वाचायची

अर्थव्यवस्था अमुक टक्क्यांनी वाढली अशी बातमी आली की बहुतेक जण आकडा मोठा की छोटा एवढंच बघतात आणि पुढे सरकतात. पण त्या आकड्याला विचारण्यासारखं बरंच असतं आणि त्यासाठी अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर पुरे.

आधी ७० ला त्या दराने भागा. जे उत्तर येईल तेवढ्या वर्षांत अर्थव्यवस्था दुप्पट होते, ७ टक्के असेल तर १० वर्षांत, ३ टक्के असेल तर साधारण २३ वर्षांत. ३ टक्के ऐकायला किती साधं वाटतं ना, पण आज जन्मलेलं बाळ सत्तरीला येईपर्यंत तीच अर्थव्यवस्था जवळपास आठपट झालेली असते, मग तेवढं पाणी, जमीन, खनिजं कुठून येणार हे विचारायलाच हवं.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं की टेक्नॉलॉजी सुधारतेय, कमी संसाधनांत जास्त उत्पादन होईल. हे खोटं नाहीये, पण सगळ्यात जास्त फसायला इथेच होतं म्हणून गणित करूनच बघा. उत्पादन वर्षाला ३ टक्के वाढलं आणि वस्तूमागे लागणारं संसाधन वर्षाला २ टक्के कमी झालं, तरी १.०३ गुणिले ०.९८ म्हणजे १.००९४, म्हणजे एकूण वापर दरवर्षी जवळपास १ टक्का वाढतोच आहे. आणि तोच वापर १० वर्षांत निम्म्यावर आणायचा असेल तर वाढ ३ टक्के धरून बचत दरवर्षी नऊ-साडेनऊ टक्के हवी, दहाही वर्षं, एकही वर्ष न चुकता! त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘प्रति युनिट’ घट दिसली की लगेच ‘एकूण’चा आकडा शोधा. १९९० नंतर जगात उत्पन्नाच्या तुलनेत कार्बन कमी होत गेला, पण एकूण उत्सर्जन निम्म्याहून जास्त वाढलं. ब्रिटनसारख्या काही देशांत एकूणही घटलंय हे खरं, तिथे बाहेरून आयात केलेल्या मालाचा कार्बन धरलाय का ते बघायचं.

मग बघा वाढ पोचली कुणापर्यंत. जीडीपीमागची राष्ट्रीय उत्पन्नाची मोजदाद ज्यांनी उभी केली त्या अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकन काँग्रेसला सांगितलं होतं की या आकड्यावरून लोकांचं कल्याण ओळखता येत नाही. कोस्टा रिकाचं दरडोई उत्पन्न अमेरिकेपेक्षा कितीतरी कमी आहे तरी तिथलं सरासरी आयुर्मान अमेरिकेच्या तोडीचं आहे. म्हणून आयुर्मान, शिक्षण, पिण्याचं पाणी, घर हे आकडे विकासदराच्या शेजारी ठेवूनच वाचायचे.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केट रॅवर्थ यांनी २०१२ मध्ये मांडलेलं डोनटचं, म्हणजे मधे भोक असलेल्या गोल वड्यासारखं, चित्र इथे खूप कामाला येतं. आतली कड म्हणजे कुणीही जिच्या खाली जाऊ नये अशा मूलभूत गरजा, बाहेरची कड म्हणजे पृथ्वीच्या मर्यादा, हवामान, गोडं पाणी, जैवविविधता अशा गोष्टींत माणसाने ओलांडू नयेत अशा. या मर्यादा २००९ मध्ये शास्त्रज्ञ योहान रॉकस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी मांडल्या, एकूण नऊ आहेत आणि २०२३ च्या मोजणीत त्यातल्या सहा ओलांडलेल्या निघाल्या. कुठलीही योजना समोर आली की कागदावर दोन वर्तुळं काढा आणि ती आतल्या कडेखाली अडकलेल्यांना वर काढते की बाहेरची कड अजून ओलांडायला लावते ते लिहा. गरीब देशांत वाढ हवीच, त्याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही, ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांना ‘अजून कशाला’ हे विचारायचं आहे.

आता अवघड भाग, जो वाढीवर टीका करणारे पुष्कळदा घाईत उरकतात. यंत्रांमुळे दरवर्षी तेवढंच काम कमी माणसांत होतं, म्हणजे वाढ थांबली आणि बाकी काहीच बदललं नाही तर लोकांच्या नोकऱ्या जाणार, कर्जाचं व्याज आणि पेन्शनसुद्धा उद्याचं उत्पन्न वाढेल याच हिशोबावर उभे असतात. म्हणून वाढीशिवाय चालेल असं कुणी म्हणालं तर त्यांनाही तेवढंच कडक विचारा, कामाचे तास कमी करून काम वाटून घेणार का, पगाराचं काय, कर वस्तूंच्या वापरावर लावणार की श्रमावर, आणि म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे पैसे कुठून येणार?