मेटफॉर्मिन, माळकरी घर आणि बी-१२

रावेरला केळीच्या गाड्यांचा हिशेब लिहिणं हे माझं रोजचं काम. गेल्या उन्हाळ्यात डोकंच चालेनासं झालं. काट्यावरचा पोऱ्या वजन ओरडून सांगायचा आणि वहीत आकडा टाकेपर्यंत तो डोक्यातून गेलेला असायचा. “काय भाऊ, झोप नाही झाली का?” झोप रग्गड व्हायची, तरी अंग उठायचं नाही. पायांना मुंग्या. घरचे म्हणाले, ऊन बाधलं. आमच्या खानदेशात मे महिन्यात सगळं उन्हावरच ढकलतात.

डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ हे जीवनसत्त्व तपासायला लावलं. बी-१२ फारच कमी निघालं. कारणं दोन: घर माळकरी, आणि शुगरसाठी बरीच वर्षं चालू असलेली मेटफॉर्मिन. या गोळीने आतड्यात बी-१२ कमी शोषलं जातं. शिवाय ते कळण्याच्या भाकरीत नसतं, वांग्याच्या भरितात नसतं, केळीत तर नाहीच. दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतच मिळतं, आणि आमच्याकडे दूध चहापुरतं.

मिथाइलकोबालामिनची, म्हणजे बी-१२चीच, इंजेक्शनं झाली, आता गोळी चालू आहे. मेटफॉर्मिन डॉक्टरांनी तशीच ठेवली. मरगळ आधी गेली, डोकं सावकाश ताळ्यावर आलं, मुंग्या अजून थोड्या आहेत.

अशी मरगळ आली म्हणून नुसती फॉलिक ॲसिडची, म्हणजे रक्तवाढीची, गोळी मेडिकलवरून आणून खाऊ नका. रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण बी-१२ कमीच राहिलं तर नसांचं नुकसान आत चालूच राहतं. मेटफॉर्मिन घेत असाल तर पुढच्या शुगरच्या तपासणीला डॉक्टरांकडून बी-१२ही लिहून घ्या.