औद्योगिक वसाहतीची मागणी सरकारदरबारी कशी लावून धरावी

मंत्री दौऱ्यावर येतात, उद्योजकांची संघटना पुष्पगुच्छ आणि निवेदन देते, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात. निवेदनात वीज, रस्ते, सांडपाणी, अतिक्रमण, अग्निशमन केंद्र, भूखंडांचे दर असं सगळं एकत्र असतं. पाच खात्यांचे विषय एका कागदावर असले की तो कागद कोणत्याच टेबलावर थांबत नाही. ‘निवेदन देत राहा, कधीतरी होईल’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. त्यात वसाहतीची वर्षं वाया जातात आणि नवे उद्योजक दुसऱ्या जिल्ह्यात जागा बघायला लागतात.

संघटना नोंदणीकृत आहे, कार्यकारिणी आहे, पत्रव्यवहार पाहणारा एक माणूस आहे, हे धरून चालतो.

१. मागणी एकच निवडा

वर्षाला एक, फार तर दोन. निवडताना एवढंच बघा: ही मागणी मान्य झाली तर जो कारखाना सभासद नाही त्यालाही फायदा होईल का? भाड्याच्या गाळ्यात दोन मशीन चालवणाऱ्याला होईल का? होणार असेल तर ती आपल्या भागाची मागणी आहे. एखाद्याच्या भूखंडावरचा दंड माफ करून घेणं हे त्याचं स्वतःचं काम. त्यासाठी संघटनेचं लेटरहेड देऊ नका, कारखाना अध्यक्षांचा असला तरी.

२. अधिकार कोणाचा ते शोधा

वसाहतीच्या आतला रस्ता एमआयडीसीचा, बाहेरचा राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. हे बहुतेकांना माहीत असतं. घोळ होतो तो विजेत. ‘वीज महाग आहे आणि सारखी जाते’ या एका वाक्यात तीन वेगवेगळे पत्ते आहेत. वीज जाते ही तक्रार महावितरणच्या अधीक्षक अभियंत्यांकडची. दर ठरवणं हा महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचा अधिकार. आणि दरात सवलत हवी असेल तर ती राज्य सरकारने द्यायची. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६५ प्रमाणे अशा अनुदानाची रक्कम सरकारला आगाऊ भरावी लागते. २०१६ मध्ये विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि ड, ड+ (औद्योगिकदृष्ट्या मागास ठरवलेल्या) क्षेत्रांतल्या उद्योगांना वीजदरात सवलत मिळाली, ती सरकारच्या निर्णयाने. सवलत मागायला आयोगाकडे आणि दर कमी करायला मंत्र्यांकडे गेलात तर दोन्हीकडून विनम्र उत्तर येईल, हातात काही पडणार नाही.

३. सभासदांकडून आकडे गोळा करा

खरं काम इथं आहे. बहुतेक संघटना इथंच हात टेकतात. ‘उद्योगांचं प्रचंड नुकसान होत आहे’ असं लिहिणं सोपं, कारण त्यासाठी कोणाच्या दारात जावं लागत नाही. पण समोर बसलेला अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, “किती?” त्याला उत्तर नसेल तर बैठक तिथंच संपली असं समजा.

आम्ही पहिल्यांदा फॉर्म वाटले तेव्हा बरेचसे कोरे परत आले. कारणं उघड होती. शेजारच्या गाळ्यात त्याच ग्राहकाचं काम करणारा स्पर्धक बसलेला असतो. उत्पादन कळलं की उलाढाल कळते, उलाढाल कळली की दर कळतो. करखात्याची भीती असते ती वेगळीच. ही भीती खोटी नाही, तेव्हा तिच्यावर भाषण देऊ नका. पद्धत बदला.

एक, उलाढाल विचारूच नका. नफा तर नाहीच. मागणी विजेची असेल तर वीजबिलं मागा, सलग बारा महिन्यांची, आणि बिलाची प्रतच मागा. ‘सरासरी अंदाजे’ घेऊ नका. अंदाज नेहमी फुगलेला असतो, आणि आयोगाच्या सुनावणीत फुगलेला एक आकडा सापडला की खरे आकडेही संशयात येतात.

दोन, प्रत्येक कारखान्याला सांकेतिक क्रमांक द्या. नाव आणि क्रमांकाची यादी एकाच माणसाकडे राहील, आणि तो माणूस वसाहतीत धंदा करणारा नसावा. संघटनेचे सीए यासाठी सगळ्यात योग्य. पदाधिकाऱ्यांनी ही यादी बघायची नाही, असा कार्यकारिणीचा ठराव करा आणि ठरावाची प्रत फॉर्मसोबत द्या. माझा अनुभव असा की लोक फॉर्म भरायला लागतात ते या ठरावामुळे, विनंतीमुळे नाही.

तीन, वीज गेल्याची नोंदवही ठेवा. कारखान्याच्या गेटवरच्या वहीत चारच रकाने: तारीख, वीज गेली ती वेळ, आली ती वेळ, काम पुन्हा सुरू झालं ती वेळ. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, दहा मिनिटं वीज गेली तर भट्टीतला धातू थंड होतो, तो पुन्हा तापवायला वीज जळते ती वेगळी. प्लॅस्टिक मोल्डिंगमध्ये बॅरलमधला माल अडकतो, तो काढून टाकल्याशिवाय चांगला नग निघत नाही. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर टूल तुटतं आणि अर्धवट झालेला जॉब भंगारात जातो. महावितरणच्या नोंदीत हे सगळं फक्त दहा मिनिटं असतं. उरलेला वेळ दाखवणं तुमचं काम आहे.

या नोंदी फीडरप्रमाणे, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या वीजवाहिनीप्रमाणे लावा, कारखान्याप्रमाणे नको. ‘अमुक कारखान्यात वीज गेली’ म्हटलं की ‘तुमच्या आतल्या वायरिंगचा दोष’ हे उत्तर तयार असतं. एकाच फीडरवरच्या आठ कारखान्यांच्या वहीत एकच वेळ दिसली की तो मार्ग बंद होतो. फीडर किती वेळा आणि किती वेळ बंद पडला, याचा हिशेब ठेवणं महावितरणवर बंधनकारक आहे. तुमची वही त्या हिशेबाशेजारी ठेवता आली पाहिजे.

चार, लघुदाब आणि उच्चदाब ग्राहक वेगळे ठेवा. मोठ्या कारखान्यांची बिलं सहज मिळतात, कारण त्यांच्याकडे त्यासाठी माणूस असतो. त्यांच्यावरच विसंबलात तर मागणीही त्यांचीच होते आणि लहान गाळेधारक पुढच्या वेळी तुमच्याकडे फिरकत नाही. गाळेधारकाकडे स्वतः जा, संध्याकाळी साडेसहानंतर. दुपारी तो मशीनवर असतो.

सगळ्यांनी आकडे देईपर्यंत थांबू नका. पण किती कारखान्यांपैकी किती जणांनी दिले, ते निवेदनात स्पष्ट लिहा.

४. कागद लिहा

दोन पानं, खाली तक्ता. पहिल्या परिच्छेदात काय हवं आणि कोणत्या अधिकाराखाली हवं ते लिहा.

५. योग्य दारात, योग्य वेळी जा

स्थानिक प्रश्नासाठी जिल्हा उद्योग मित्र समिती. अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, विषयपत्रिका जिल्हा उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक तयार करतात. तुमचा विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्या. आयत्या वेळी मांडलेला विषय इतिवृत्तात नीट येत नाही, आणि जो इतिवृत्तात नाही त्याचा खुलासा पुढच्या बैठकीत कोणी देत नाही. इतिवृत्त हातात आल्यावर आपला मुद्दा वाचून बघा. चुकीचा लिहिला असेल तर लगेच पत्र द्या.

पैसे लागणारी मागणी असेल तर मार्चच्या अर्थसंकल्पाची वाट बघू नका. खात्यांचे प्रस्ताव त्याच्या कित्येक महिने आधी तयार होतात, म्हणून दिवाळीपूर्वी भेटा. डिसेंबरात नागपूर अधिवेशनात नवी मागणी घेऊन जाण्यात अर्थ नाही. तिथं आधीच दिलेल्या मागणीवर आमदारांकडून तारांकित प्रश्न विचारून घेता येतो, तेवढ्यासाठी जा. सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही आमदारांना तोच कागद द्या.

वीजदराचं दार सगळ्यात मोकळं आहे, आणि तरी बहुतेक स्थानिक संघटना तिथं जात नाहीत. विद्युत अधिनियमाच्या कलम ६४ प्रमाणे दराचा प्रस्ताव जाहीर करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोग आदेश देतो. ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन यांना आयोगाने ग्राहक प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली होती, म्हणजे उद्योजकांच्या प्रादेशिक संघटना तिथं कायम बसू शकतात हे सिद्ध झालेलं आहे.

हरकत मुदतीत द्या, प्रत महावितरणलाही द्या. ‘दर परवडत नाहीत’ एवढंच लिहू नका. प्रस्तावातल्या कोणत्या तक्त्यातला कोणता आकडा मान्य नाही ते पान क्रमांकासह लिहा. औद्योगिक दर कमी झाला तर तो बोजा दुसऱ्या ग्राहकावर जातो, हे आयोगाला माहीत असतं. म्हणून केंद्राच्या वीजदर धोरणाचा आधार घ्या: ग्राहकांचे दर पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या अधिक-उणे २० टक्क्यांच्या आत असावेत. तुमचा दर त्या मर्यादेच्या किती बाहेर आहे ते दाखवा. तोंडी बोलायला मिनिटं थोडीच मिळतात. त्यात मागणी आणि एक तक्ता, बाकी लेखी.

६. आदेश वाचा

आयोगाच्या आदेशात हरकतीचा मुद्दा, महावितरणचं उत्तर आणि आयोगाचा निर्णय असे तीन भाग असतात. आपला मुद्दा शोधा. तो फेटाळला असेल तर कारण तिथं लिहिलेलं असतं, आणि पुढच्या वेळचा अर्ज त्या कारणापासून सुरू करायचा. अपील करायचं असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम १११ खाली दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणात ४५ दिवसांत जावं लागतं, तेव्हा वकिलांशी बोलणं पहिल्याच आठवड्यात करा.

इतर खात्यांकडे उत्तर अडलं असेल तर माहिती अधिकारात अर्ज द्या: आमच्या अमुक तारखेच्या पत्रावर कोणती टिपणी लिहिली गेली, फाइल सध्या कोणाकडे आहे. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. अर्ज संघटनेच्या नावाने देऊ नका, एका सभासदाच्या व्यक्तिगत नावाने द्या, कारण हा अधिकार कायद्याने नागरिकाला दिलेला आहे.

आणि ज्यांनी आकडे दिले त्यांच्याकडे निकालाचं पान घेऊन परत जा, विशेषतः गाळेधारकांकडे. वही चालू ठेवायला सांगा.