गुन्हेगारीशास्त्रातल्या पीएचडीसाठी निधी मागताना या चुका टाळा

ठाण्यात जिल्हा न्यायालय आणि मध्यवर्ती कारागृह एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, आणि खारघरपलीकडे तळोजा कारागृह. अभ्यासक्षेत्र असं दारात असलं की प्रस्ताव घाईत लिहिला जातो. मग आकडे एका हद्दीचे, परवानगी भलत्याच कार्यालयाकडे मागितलेली आणि बजेट तिसऱ्याच अभ्यासाचं, असा कागद तयार होतो. तज्ज्ञ समितीला हे दोन पानांत कळतं.

‘ठाणे’ म्हणजे नेमकं कुठलं?

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. शीर्षक ‘ठाणे जिल्ह्यातील सोनसाखळी चोऱ्या’ आणि तक्ता मात्र ठाणे शहर आयुक्तालयाचा. महसुली जिल्हा आणि पोलीस घटक (शहर आयुक्तालय किंवा ग्रामीण पोलीस दल) यांच्या सीमा जुळत नाहीत. नवी मुंबई आयुक्तालयातलं वाशी, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतं. पनवेल, उरण रायगडमध्ये. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यातच आहे, पण २०२० पासून पोलीस आयुक्तालय वेगळं, वसई-विरारसोबत. त्याआधी १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. आता ठाणे ग्रामीण पोलिसांचे २०१२ ते २०२२ चे आकडे सरळ एकाखाली एक मांडले, तर गुन्हे धडाधड कमी झालेले दिसतील. कमी झाली ती हद्द. म्हणून शीर्षकात पोलीस घटकाचं नाव घाला, आकडे पोलीस ठाणेनिहाय मागा आणि कोणतं पोलीस ठाणं कोणत्या वर्षी कुठल्या घटकात होतं याचा तक्ता प्रस्तावालाच जोडा.

सोनसाखळीच्या विषयात आणखी एक खड्डा आहे. भारतीय दंड संहितेत हा गुन्हा घटनेनुसार ३७९ (चोरी) किंवा ३९२ (जबरी चोरी) खाली नोंदवला जायचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून चोरीला स्वतंत्र कलम आहे, ३०४. पण कलम ठरतं घटनेच्या तारखेवर. एफआयआर ऑगस्टचा आणि घटना जूनची असेल तर जुनंच कलम लागतं. म्हणजे २०२४ चं वर्ष अर्धं-अर्धं कापूनही भागत नाही, एफआयआर वाचावा लागतो. त्यात देशभरची गुन्ह्यांची आकडेवारी काढणारी एनसीआरबी एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजते. खुनासोबतची चोरी चोरीच्या रकान्यात शोधू नका.

एफआयआर वाचायचे म्हटल्यावर पुढचा अडथळा: राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील एफआयआर दिसत नाहीत. ‘माहिती पोर्टलवरून घेणार’ हे वाक्य अशा विषयाच्या प्रस्तावात असलं की पुढचं कुणी वाचत नाही.

माहिती अधिकाराचंही तसंच. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. आठ पोलीस ठाणी, पाच वर्षं, बारा प्रश्न एका अर्जात कोंबले की तो परत येतो आणि उत्तराचे ३० दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. शुल्क १० रुपये, प्रती पानाला २ रुपये. बजेटमध्ये ही ओळ हवी.

रेकॉर्डर लिहिला की पकडले जाता

कैद्यांच्या मुलाखतींच्या प्रस्तावात ‘व्हॉइस रेकॉर्डर’ दिसला की लिहिणाऱ्यानं तुरुंगात चौकशीच केलेली नाही, हे उघड होतं. मोबाइल, रेकॉर्डर गेटवरच राहतात. वही-पेनानं टिपणं घ्यायची आणि त्याच संध्याकाळी सविस्तर उतरवायची. वेळ धरायचा तो या कामासाठी. समजा, ३० कच्चे कैदी (खटला सुरू असलेले), प्रत्येकाशी दोन बैठका, दिवसाला दोन बैठका: म्हणजे कामाचे ३० दिवस, पण कोर्टाच्या तारखा, व्हीसी (व्हिडिओवरून होणारी कोर्टाची हजेरी) आणि झडत्या धरून प्रत्यक्षात तीन महिने. तळोजाला मेट्रोनं पेंधरपर्यंत गेलात तरी पुढे रिक्षा आहेच. दिवसाचे २५० रुपये धरले तर फेऱ्यांचेच ७,५०० होतात.

अधीक्षकांचं तोंडी ‘या, हरकत नाही’ कुठल्याही फाइलला लागत नाही. अर्ज पुण्याच्या कारागृह व सुधारसेवा मुख्यालयाकडे करा. सोबत विद्यापीठाचं पत्र, मंजूर सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा), नैतिकता समितीचं पत्र, मराठी-हिंदी प्रश्नावली आणि संमतीपत्र द्या. निरीक्षणगृहातल्या मुलांचा विषय असेल तर दार वेगळं, महिला व बालविकास आयुक्तालयाचं. आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ ओळख उघड करू देत नाही, हे प्रस्तावातच लिहा. वेळापत्रकात परवानगीसाठी सहा महिने सोडा आणि ती नाही मिळाली तर काय, हेही सांगा: जामिनावर सुटलेल्यांच्या मुलाखती किंवा न्यायालयाच्या निकालपत्रांचा अभ्यास.

चुकीच्या खिडकीवर रांग

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसची डॉक्टरल फेलोशिप तिथल्या विद्यापीठांमार्फतच मिळते. मुंबईत नोंदणी असेल तर वेळ घालवू नका. आपल्याकडे यूजीसी नेटमध्ये क्रिमिनॉलॉजी हा विषय आहे, कोड ६८. नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन फेलोशिपची रक्कम जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. त्याशिवाय आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) आणि पोलीस संशोधन व विकास ब्युरो. राज्य सरकारच्या संस्थांत अनुसूचित जातींसाठी बार्टी, अनुसूचित जमातींसाठी टीआरटीआय, मराठा-कुणबी उमेदवारांसाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. बहुतेक ठिकाणी नुसतं पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) पास होणं पुरत नाही, पीएचडीच्या नोंदणीचं पत्र लागतं. नॉन-क्रिमी लेअरवरची मुदत जाहिरातीच्या आधीच तपासा. दोन फेलोशिप एकदम घेऊ नका; उघडकीला आलं की वसुली लागते.

मंजुरीनंतर पैसे का अडकतात

बहुतेक वेळा कागदामुळे. कंटिन्जन्सीची (किरकोळ संशोधन खर्चाची) बिलं तुमच्या नावाची, मंजुरीनंतरच्या तारखेची आणि जीएसटी क्रमांकाची हवीत. झेरॉक्सवाल्याची कोरी चिठ्ठी यूसीला (खर्चाच्या विनियोग प्रमाणपत्राला) चालत नाही. जेआरएफचं दरमहा कन्फर्मेशन कॅनरा बँकेच्या पोर्टलवर विद्यापीठाचा मेकर (नोंद करणारा कर्मचारी) भरतो आणि चेकर (ती तपासणारा) मान्य करतो. यातलं एक जण रजेवर गेलं की महिना चुकला. तेव्हा रुजू झाल्याच्या आठवड्यातच मेकर कोण, चेकर कोण, त्यांचं टेबल कुठलं आणि हजेरीपत्रक गाइडच्या सहीनं त्यांच्याकडे कितव्या तारखेला पोहोचायला हवं, हे विचारून ठेवा.