खारटपणा स्थिर केला आणि झीनिया उमलली

लाल समुद्रातलेच जीव ठेवायचे म्हणून खाऱ्या पाण्याचा टँक लावला होता. झीनिया (फूल नव्हे, पंजे उघडझाप करणारं मऊ कोरल), थोडे लेदर कोरल आणि जांभळा ऑर्किड डॉटीबॅक. हा मासा मूळचा फक्त तिथलाच, पण टँकमध्ये पैदास केलेला मिळतो, मग समुद्रातून पकडलेला कशाला घ्यायचा? मासा मजेत होता. झीनिया मात्र मिटलेलीच.

अमोनिया आणि नायट्राइट शून्य, तापमान 26 अंश. खारटपणा रोज मोजू लागलो तेव्हा उलगडा झाला. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. त्यामुळे आकडा 35 वरून 38 पीपीटीपर्यंत (पाण्याच्या हजार भागांत मिठाचे भाग) चढायचा, पाण्याची भर घातली की धाडकन उतरायचा. लाल समुद्रात खारटपणा 40 च्या आसपास असतो, म्हणजे 38 हा आकडा दोषी नव्हताच. हिंदोळा दोषी होता.

मग संपमध्ये (मुख्य टँकला जोडलेली दुसरी टाकी) फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याची पातळी उतरली की चालू होणारा तरंगता स्विच, आणि छोटा पंप बसवला. जेवढं उडेल तेवढं आरओचं गोडं पाणी आपोआप येतं, मीठ अजिबात नाही. नळीचं तोंड पाण्याच्या वर ठेवा, नाहीतर पंप थांबल्यावरही सायफनने पाणी वाहत राहतं. गोगलगायी फ्लोटवर चढून तो अडकवतात (हौसच असते त्यांना), म्हणून वर दुसरा स्विच लावला. साठ्याचा डबाही मुद्दाम लहान घेतला, सगळा रिकामा झाला तरी टँक बिघडणार नाही इतका.

रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं यंत्र, आता 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावरच जुळवतो. शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारं यंत्र 35 ला चुकू शकतं.

झीनिया पुन्हा धडधडते आहे, आणि शेजारच्या दगडावर अतिक्रमणही सुरू केलंय.